‘तुम्ही करत नाही म्हणून तो चालत नाही’

खेड्यात राहून दिव्यांग मूल वाढवणाऱ्या आयांनी आणि त्यांच्या घरच्यांनी लिहावं, असं आम्ही मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. बरीचशी दुसऱ्याच्या अक्षरात आहेत, काही फोनवर सांगून उतरवलेली आहेत. मी फिजिओथेरपिस्ट. माझं बहुतेक काम दवाखान्यापेक्षा लोकांच्या घरी, अंगणात आणि ओसरीत बसून झालंय, त्यामुळे उत्तरंही त्याच चालीची असतील. नावं-गावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. जन्मल्यावर लवकर रडला नाही. आता मान धरतो पण बसत नाही. पाय ताठ होऊन एकमेकांवर चढतात. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचाल बिघडते, असं सांगितलंय. दवाखान्यातून व्यायामाचा कागद दिलाय, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास करायचा. पहाटे पाणी, गुरं, स्वयंपाक, मग शेत. दोन तास कुठून आणू? जमेल तसं करते तर तो रडतो, सासूबाई म्हणतात पोराला छळू नकोस. तपासायला नेलं की तिथे ऐकवतात, ‘तुम्ही करत नाही म्हणून तो चालत नाही.’ तो चालेल का? खरं सांगा.

उत्तर : खरं विचारलंत, म्हणून आडपडदा ठेवत नाही. मी त्याला पाहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना हे सरळ विचारून घ्या. पण साडेचार वर्षांपर्यंत आधाराशिवाय न बसलेलं मूल पुढे कशालाही न धरता चालू लागेल, याची शक्यता फारच कमी असते.

आणि यात तुमचा काही दोष नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या ठरवल्या. मग ओंटारियो प्रांतातल्या ६५७ मुलांच्या नोंदी ठेवून २००२ मध्ये त्याचे आलेख छापले. सगळ्यांत सौम्य त्रासाची मुलंसुद्धा आपल्या कुवतीचा ९० टक्के पल्ला पाच वर्षांच्या आत गाठतात आणि सगळ्यांत तीव्र त्रासाची मुलं तिसऱ्या वर्षाच्या आतच, असं त्यात दिसतं. ही मुलं तिथल्या पुनर्वसन केंद्रांत नाव असलेली होती, म्हणजे उपचारांची वानवा नव्हती. तरी मूल कुठवर जाणार ते मुख्यतः मेंदूला इजा किती झाली यावरच ठरलं. आईने किती वेळा पाय वाकवले यावर नाही. ‘तुम्ही करत नाही म्हणून’ हे वाक्य मी कित्येक आयांच्या तोंडून ऐकलंय. ते चुकीचं आहे. म्हणणाऱ्याला मात्र फार सोयीचं आहे.

आता त्या दोन तासांचं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक आयोना नोवाक यांनी २००९ मध्ये घरी करायच्या कार्यक्रमाची रीतसर चाचणी छापली. मुलाला काय जमायला हवंय ते आधी घरच्यांनी सांगायचं आणि कार्यक्रम त्यावरच बेतायचा, अशी पद्धत. आठ आठवड्यांत फरक दिसला. घरच्यांनी केलं किती होतं? महिन्यातून १७-१८ वेळा, दर वेळी साधारण १६-१७ मिनिटं. रोज दोन तास तर सोडाच, रोजसुद्धा नाही. ती मुलं शाळकरी वयाची होती, तेव्हा हा आकडा औषधाच्या डोसासारखा घेऊ नका. पण याच बाईंनी २०१३ मध्ये उपलब्ध सगळे अभ्यास चाळले, तेव्हाही हेच निघालं की नुसते हातपाय ताणत बसण्याचा पुरावा लंगडा आहे आणि जे जमायला हवं त्याचाच सराव करून घेण्याचा पुरावा भक्कम आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की त्या कागदाची घडी घालून ठेवा. तुम्ही दिवसभर त्याला उचलता, धुता, कपडे घालता, भरवता, निजवता. एवढ्या वेळा तुमचे हात त्याला लागतातच, तर तेवढ्याच वेळा नीट लागू देत. वेगळा व्यायाम काढायची गरज नाही.

कपडे घालताना पाय उघडत नाहीत म्हणून घोट्याला धरून ओढलं की ते आणखी घट्ट मिटतात. आधी त्याला कमरेत आणि गुडघ्यांत वाकवा, म्हणजे गोळा करा. ताठरपणा तिथेच निम्मा उतरतो. मग गुडघ्यांच्या वर, मांडीला धरून सावकाश पाय बाजूला करा. घाई केलीत तर पाय तुमच्याशी भांडतील. उचलताना पाठीवर उताणा असतानाच काखेत हात घालून सरळ वर ओढू नका. आधी कुशीवर वळवा, वाकवा, मग अंगाशी घेऊन उठा. कडेवर घ्याल तेव्हा दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना फाकलेले असू देत आणि तोंड पुढे, जगाकडे. विहिरीपर्यंत असं गेलात की पाय उघडण्याचा व्यायाम झाला, मान धरण्याचा झाला आणि त्याला चार माणसं दिसली. खांद्यावर आडवा टाकून नेलंत तर यातलं काहीच होत नाही.

तुम्ही चुलीपाशी असाल तेव्हा तो निजलेला नको. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात बसवा. एका भिंतीला टेकवलं की ही मुलं मागे रेलतात. कोपऱ्यात दोन्ही भिंती खांद्यांना पुढे ढकलतात, त्यामुळे हात आपोआप समोर येतात. मांड्यांच्या मध्ये जुन्या लुगड्याची घट्ट वळकटी ठेवा. जमिनीवर पाय लांब करून बसवल्यावर पाठीला बाक येत असेल आणि ढुंगण पुढे घसरत असेल, तर मांडीमागच्या शिरा आखडल्यात असं समजा. मग बुटकं स्टूल किंवा पक्की पेटी घ्या, त्यावर बसवा, गुडघे वाकू द्या, पावलं जमिनीला टेकू द्या. समोर काहीतरी आपटायला ठेवा. भांडं चालेल. आवाज होईल, सहन करा.

सासूबाईंच्या ‘छळू नकोस’मध्ये तथ्य आहे. रडवून केलेल्या व्यायामातून मूल एकच गोष्ट शिकतं, आई जवळ आली की दुखतं.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. स्वतः न चालणाऱ्या या मुलांमध्ये खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकण्याचा धोका मोठा असतो आणि सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. पुढच्या खेपेला खुब्यांचा एक्स-रे मागून घ्या आणि पुन्हा कधी काढायचा तेही विचारा. ‘चालत का नाही’ या प्रश्नावर बोलणी खाण्यापेक्षा त्या खेपेचा हा उपयोग बरा.

प्रश्न : मी आजी आहे. सून कामावर जाते, नात तीन वर्षांची, माझ्यापाशी असते. तिला मान नीट धरता येत नाही. पाय पसरून त्यावर उताणी निजवते आणि भरवते. एक जेवण उरकायला दीड तास जातो. ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, छातीत सारखा कफ. तरी वजन वाढत नाही. सून म्हणते तुम्ही भरवा, डॉक्टर म्हणतात खाऊ घाला. किती घालू?

उत्तर : आजी, किती घालता हे नंतर बघू, आधी कसं घालता ते बघू. उताणं निजून तुम्ही स्वतः एक घोट पाणी पिऊन बघा. म्हणजे नको, तसं खरंच करू नका! पण कल्पना येईल. मान मागे पडली की घशातली श्वासाची वाट उघडी राहते आणि घास तिकडे घरंगळतो. ठसका, डोळ्यांत पाणी, छातीत घरघर, वरचेवर ताप ही सगळी अन्न फुप्फुसात जात असल्याची लक्षणं आहेत. काही मुलांना तर ठसकाही लागत नाही, नुसता न्यूमोनियाच होतो.

तिला बसती करा. तुम्ही भिंतीला टेकून बसा, तिला मांडीवर घ्या, तिचं ढुंगण मागे तुमच्या पोटाशी आणि गुडघे वाकलेले. तुमचा एक दंड तिच्या मानेमागे, पण मान ढकलू नका, फक्त मागे पडू देऊ नका. हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली हवी. चमचा समोरून, तिच्या तोंडाच्या पातळीवरून किंवा थोडा खालून आणा. वरून आणलात की ती वर बघणार आणि मान पुन्हा मागे जाणार. चमचा लहान आणि चपटा, अर्धाच भरलेला. तो जिभेवर ठेवून किंचित दाबा आणि तिने ओठ मिटायची वाट बघा. चमचा वरच्या दातांवर निपटून घास आत सोडायची आपल्याला सवय असते, ती मोडा. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही.

अगदी पातळ द्रव गिळणं या मुलांना सगळ्यांत अवघड जातं. सरसरीत, गुठळ्या नसलेलं, चमच्यावरून सावकाश ओघळेल असं सोपं जातं. जेवण अर्ध्या तासात थांबवा. दीड तास भरवत राहिलं तर खाण्यातून मिळतं त्यातलं बरंच दमण्यातच जातं. त्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या आणि तेवढ्याशा घासात तेल-तूप घालून ताकद वाढवा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. एवढं करूनही ठसका आणि वरचेवर ताप सुटला नाही, तर गिळण्याची तपासणी करायला सांगा. नळीने अन्न द्यावं लागलं तर त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

आणि सुनेला सांगा, मी म्हटलंय म्हणून, की सुट्टीच्या दिवशी भरवायचं काम तिचं आणि तुम्ही शेजारी जाऊन बसायचं.

प्रश्न : मुलीचं सगळं बायकोच करते. मुलगी नऊ वर्षांची, वजन वाढलंय, बायकोची कंबर गेलीय. चिडचिड करते. मी काय करावं? मुलीचं करायला मला जमत नाही, ती आईलाच ओळखते.

उत्तर : ती आईलाच ओळखते, कारण आईच करते. तुम्ही करू लागलात की महिन्याभरात तुम्हालाही ओळखेल.

रात्रीपासून सुरू करा. अशा मुलांना रात्री दोन-तीनदा कूस बदलून द्यावी लागते, कुणीतरी उठतंच. आठवड्यातल्या निम्म्या रात्री तुमच्या. अंघोळ तुमच्याकडे घ्या, कारण सगळ्यांत जास्त वजन तिथेच उचललं जातं. मुलगी मोठी होतेय म्हणून संकोच वाटत असेल तर उचलून नेणं-आणणं तुमचं आणि धुणं आईचं. कंबरेच्या उंचीचा एक ओटा बांधा किंवा पक्कं फळकूट टाका, म्हणजे कपडे बदलणं आणि पुसणं वाकून करावं लागणार नाही. जमिनीवरून उचलायचं तर दोघांनी, गुडघ्यांत वाकून, मुलीला अंगाशी घट्ट घेऊन. आणि दवाखान्यात पुढच्या खेपेला तुम्ही एकटे घेऊन जा. रांगेत चार तास बसलात की चिडचिडीचा खुलासा आपोआप होईल.

प्रश्न : मी बालवाडी चालवते. आसपासच्या तीन गावांत अशी सात-आठ मुलं आहेत. त्यांच्या आयांची बैठक घ्यायची ठरवली. पहिल्या वेळी चौघी आल्या, दुसऱ्या वेळी एक, नंतर कुणीच नाही. त्यांना गरज वाटत नाही का? काय चुकतंय?

उत्तर : गरज वाटत नाही असं नाही, यायला परवडत नाही. आठ वर्षांचं मूल पाठीवर घेऊन दोन-तीन किलोमीटर चालत यायचं, बाकीची पोरं कुणाच्या तरी गळ्यात घालायची, अर्धा दिवस काम बुडवायचं, आणि इथे येऊन काय, तर भाषण ऐकायचं. मीसुद्धा दुसऱ्यांदा आले नसते.

बैठक एकाच ठरलेल्या जागी नको, कुणाच्या तरी घरी ठेवा, आणि दर वेळी वेगळ्या घरी. घर बदललं की त्या घरचा कोपरा, त्या घरचा पलंग, त्या घरची न्हाणी सगळ्याजणी बघतात आणि आपोआप सुचवू लागतात. बाहेरून आलेल्या फिजिओला जे दिसत नाही ते दुसऱ्या आईला दिसतं. एका घरी मी पाहिलं, मुलीला बसवायला काही मिळत नव्हतं म्हणून मी पुठ्ठ्याच्या खुर्चीचं माप घेत होते. शेजारच्या गावच्या बाईने तोवर गाडीचा जुना टायर आडवा टाकला, त्यात गोधडी कोंबली, मुलीला मधल्या भोकात बसवलं आणि समोरच्या कडेवर तिचे हात ठेवले. मुलगी बसली. माझं माप टेपवरच राहिलं.

हंगाम पाहून तारीख ठरवा. पेरणी-काढणीच्या दिवसांत बोलवायचंच नाही. मुलांना सांभाळायला दोघं-तिघं मोठी मुलं किंवा तरुण पोरं ठरवून ठेवा, निदान तासभर. त्या तासात आईच्या मांडीवर मूल नसेल, एवढ्यासाठी बायका येतील, विषय कोणताही असो. ज्या येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे गटाने जा.

विषयांची फार चिंता करू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपच्या सेरेब्रल पाल्सी संघटनेने आयांसाठी काही साहित्य तयार केलं होतं. ते हाताशी घेऊन लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या मंडळींनी बांगलादेशातल्या खेड्यांत पालकांचे गट बसवले. बसवणं-उचलणं, भरवणं, संवाद, खेळ, रोजची कामं, गावातली वागणूक असे सत्रांचे विषय होते. स्वमग्नता किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम आहे. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी, नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी, आणि तो चालवायला तज्ज्ञ लागत नाही असा मुद्दाम आखलेला. तुमच्यासारख्या बालवाडीच्या बाईंनी चालवावा असाच.

वर्षभरानंतर गट तुमच्या हातात राहू नये. त्यातलीच एखादी, जिचं मूल जरा मोठं आहे आणि जिच्या जिभेला धार आहे, तिला पुढे करा. आणि तिच्या वेळेचा मोबदला द्या. बायकांनी एकमेकींसाठी करायचं ते नेहमी फुकटच, ही समजूत मला कधीच पटलेली नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची, बुद्धीने चार-पाच वर्षांची. आता पाळी येईल. नातेवाईक सांगतात, गर्भाशय काढून टाक, तुझाही त्रास वाचेल आणि तिला कुणी काही केलं तरी भीती नाही. मी शेतात असते तेव्हा ती घरी एकटी असते. रात्रभर झोप येत नाही.

उत्तर : काढू नका. नातेवाइकांनी जे कारण दिलंय ते पुन्हा एकदा वाचा. ‘कुणी काही केलं तरी भीती नाही.’ भीती कुणाला नाही? करणाऱ्याला. गर्भाशय काढल्याने मुलीवरचा अत्याचार थांबत नाही, तो उघडकीला येण्याची एक वाट तेवढी बंद होते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम २३ मध्ये, दिव्यांग व्यक्तींची, लहान मुलांचीसुद्धा, प्रजननक्षमता इतरांच्या बरोबरीने राखली जावी असं स्पष्ट लिहिलं आहे. नुसत्या सोयीसाठी केलेल्या शस्त्रक्रियेला त्यात जागा नाही.

पाळीचं शिकवता येतं, फक्त आधीपासून शिकवावं लागतं. आत्ताच आठवड्यातून एक दिवस तिला कोरडं पॅड लावून वावरू द्या, म्हणजे नवी वस्तू अंगाला ओळखीची होईल. बदलायची जागा एकच ठेवा, क्रम एकच ठेवा: काढायचं, गुंडाळायचं, डब्यात टाकायचं, हात धुवायचे. तुमची पाळी असेल तेव्हा तिला दाखवा. रक्त दिसलं म्हणजे लागलं असं नव्हे, हे तिला बघूनच कळेल, सांगून नाही. स्राव फार होत असेल किंवा पाळीच्या आसपास फिट वाढत असतील तर त्यावर औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

एकटेपणाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो एकट्या आईने सोडवायचा नाही. ती दिवसभर शाळेत किंवा बालवाडीत बसू शकते का, हे विचारायला घरातल्या आणखी कुणाला तरी बरोबर घेऊन जा. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं तिला शिकवा, लाजेखातर गाळू नका. धुवायला-बदलायला हात लावू शकतील अशी दोन माणसं ठरवा आणि ती कोण हे तिला पाठ करून घ्या. बोलता येत नसेल तर ‘मला दुखवलं’ यासाठी एक खूण ठरवा आणि ती घरात सगळ्यांना माहीत असू द्या. ती एखाद्या माणसाला बघून अचानक अंग चोरू लागली, तर ‘उगाच करते’ म्हणून सोडून देऊ नका. धोका बहुतेक वेळा अनोळखी माणसापासून नसतो.

प्रश्न : मुलाला फिट येते. दवाखाना लांब आहे, पावसात रस्ता बंद होतो. फिट आली की लोक गोळा होतात, कुणी दात उघडायला चमचा घालतात, कुणी हातपाय धरतात. सहा महिने फिट आली नाही म्हणून मी गोळी बंद करावी का?

उत्तर : नाही. गोळीमुळेच सहा महिने फिट आलेली नाही. अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. कमी करायची तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. रस्ता बंद होण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवा. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण चार मुलांमागे एकाला फिट येतात, म्हणून बाकीच्या आयांनीही हे वाचावं.

फिट आली की तोंडात काहीही घालायचं नाही. दात तुटतात, ते घशात जातात; आणि जीभ कुणी गिळत नाही. दाबून धरायचं नाही. आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर गाडी शोधायची. तुमचं घर लांब आहे म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा: फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा फवारा घरी ठेवता येईल का, किती मारायचा आणि कधी. ते दोन ओळीत लिहून घेऊन भिंतीला चिकटवा, कारण फिट येईल तेव्हा तुम्ही घरी असालच असं नाही.

प्रश्न : एका कार्यक्रमात मुलीला चाकाची खुर्ची मिळाली. फोटो काढला. मुलगी सात वर्षांची, खुर्ची मोठ्या माणसाची. ती त्यात एका बाजूला लोळते. आता खुर्चीवर धान्याची पोती ठेवतो. दुसरी मागावी का, की ‘मिळालेली वापरत नाहीत’ असं म्हणतील?

उत्तर : म्हणू देत. मोठ्या खुर्चीत लोळून बसलेल्या मुलीचा कणा वाकडा होतो, त्यापेक्षा पोती बरी. खुर्ची अंगमापाने बसवून द्यावी, वापरणाऱ्याला शिकवावी आणि नंतर तपासावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालच्या मार्गदर्शिकेत सांगून ठेवलंय. फोटोचा उल्लेख त्यात नाही.

दुसरी मागाल तेव्हा अर्जासोबत चार मापं द्या. मुलीला कडक बाकावर जमेल तितकी ताठ बसवा, एकाने धरा, एकाने मोजा. पहिलं, ढुंगणाची सगळ्यांत जास्त रुंदी. दुसरं, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत. तिसरं, त्या खळगीपासून टाचेपर्यंत. चौथं, बैठकीपासून खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत, आणि तिचा तोल जात असेल तर खांद्यापर्यंतसुद्धा. दुसरं आणि तिसरं माप दोन्ही पायांचं घ्या. फरक आला तर खुब्याचं वर सांगितलंय ते तुम्हालाही लागू आहे. घराच्या दाराची रुंदी आणि अंगण कसं आहे, खडकाळ की चिखलाचं, हेही लिहा, कारण पुढची लहान चाकं मातीत रुततात. मुलगी पायांना पट्टे किंवा बूट घालत असेल, तर ते घालूनच मोजा.